पंच्याण्णवच्या वर जाणार नाही

२ मे, शनिवार

आज द्वारका चौक ओलांडायला काय लागलं, त्याचा खरा हिशेब: पाण्याच्या चार बाटल्या, रसवंतीवाल्याकडून, छापील किमतीपेक्षा पाच रुपये चढ्या. एक पांढरा शर्ट (कूलंटचे हिरवे डाग जात नाहीत, कामाच्या मंगलाबाईंनी लांबूनच बघून सांगितलं). पन्नास मिनिटं. टोईंगवाल्याचे अडीच हजार. आणि तीस वर्षांत कमावलेलं नाव. सगळ्यात महाग तेच पडलं.

कारण गार करणं हा माझा धंदा! पिंपळगावपासून निफाडपर्यंत द्राक्षाच्या निम्म्या कोल्ड रूम मी बसवलेल्या. आणि माझ्याच गाडीच्या बॉनेटमधून भर चौकात वाफ निघतेय. बाजूच्या रांगेत कोण उभं? आमच्याच कंपनीची व्हॅन. मागे मोठ्या अक्षरांत — ‘गांगुर्डे रेफ्रिजरेशन, चोवीस तास सेवा’. ड्रायव्हरनं मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून गाडी पुढे काढली. शहाणा माणूस आहे. पगार वाढवायला हवा.

स्कूटरवरचा एक जण मागे बसलेल्या बायकोला म्हणाला, "काकांनी कुकर लावलाय." ती म्हणाली, "किती शिट्ट्या झाल्या विचारा." माझे कान तिखट आहेत, हे लोकांना माहीत नसतं.

गाडी घेऊन आज सोळा दिवस. लाल, दोन दारं, दोनच माणसं, बटण दाबलं की छप्पर मागे जातं. मुंबईच्या ज्या माणसाकडून घेतली तो म्हणाला होता, साहेब, हायवेची राणी आहे. खोटं नाही बोलला. गावातून जायचं झालं तर काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वाफ निघेपर्यंत तापमानाचा काटा बरोबर मध्ये होता. हे मात्र जिव्हारी लागलंय.

बायकोनं, यशोदानं एवढंच विचारलं, भाजलं नाही ना? मग पुन्हा शाळेच्या कागदांत डोकं. ३१ तारखेला निवृत्त होतेय. मुख्याध्यापिकेचा चार्ज द्यायचा म्हणजे सतरंज्यासुद्धा मोजून द्याव्या लागतात.

४ मे, सोमवार

रवी मिस्त्रीकडे गाडी. रवी मूळचा आमच्या मनमाडचाच, वय पंचेचाळीस, तोंड फटकळ, हात सोन्याचा. रेडिएटरमागे दोन पंखे, त्यातला एक मेलेला. हायवेवर वारा आपोआप लागतो म्हणून कोणाला कळलंच नाही. सावकाश चालवली की सगळं ओझं पंख्यांवर, आणि एकट्या पंख्याला ते झेपत नाही.

काट्याचं विचारलं तर हसायला लागला. "काका, काटा मालकाच्या समाधानासाठी असतो." पंच्याहत्तर डिग्री असो की एकशे पाच, काटा मध्येच उभा राहतो. हलायला लागला म्हणजे वेळ गेलेली असते.

याची मला खरं तर लाज वाटायला हवी. कोल्ड रूमच्या दारावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, थर्मामीटर क्रेटच्या पोटात खुपसा — हे मी तीस वर्षं शेतकऱ्यांना ओरडून सांगतोय. आणि स्वतः दारावरचा आकडा बघत बसलो!

रवीनं मेलेला पंखा बदलला आणि स्टिअरिंगखाली एक डबी खोचून दिली. इंजिनाचं खरं तापमान आता मोबाईलवर दिसतं.

६ मे, बुधवार

उपनगर ते पाथर्डी फाटा. ब्याण्णव. एसी चालू. मी खूश.

१० मे, रविवार

सकाळी यशोदाच्या शाळेच्या गावाहून मंडळी आली. निफाडच्या पुढचं गाव. तिनं तिथं एकोणीस वर्षं काढली. पुढारी कोंडाजी — शाळा समितीचा अध्यक्ष, द्राक्षबागाईतदार, माझं जुनं गिऱ्हाईक. बाईंची सेवापूर्तीची मिरवणूक काढायची. वेशीपासून शाळेपर्यंत. बँड, लेझीम, घरोघर ओवाळणी. बाईंना नव्या ट्रॅक्टरवर खुर्ची टाकून बसवणार.

ट्रॅक्टर म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, की बाई माझ्या लाल गाडीतून येतील. छप्पर उघडून. मी चालवणार.

कोंडाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "साहेब, वाट दीड किलोमीटर हाय, पर दोन तास लागत्यात. लेझीमवाली पोरं जाग्यावरनं हलत नाय. गाडी तापंल ना?"

मी म्हणालो, "कोंडाजी, गार करणं हा माझा धंदा आहे. पंच्याण्णवच्या वर एक डिग्री जाणार नाही. गेली तर गावासमोर कान धरीन."

मंडळी चहा घेऊन गेली. यशोदा कपबशा गोळा करत होती. म्हणाली, मला ट्रॅक्टर चालला असता. मी म्हणालो, मला नसता चालला. मग ती खुर्चीवर बसली. ती अशी बसून बोलते तेव्हा मी ऐकतो.

"अहो, माझा एकच दिवस आहे तो. त्या दिवशी लोकांनी बॉनेटकडे बघत उभं राहू नये."

मी शब्द दिला. एकोणीस वर्षांत तिच्या शाळेत मी एकदाच गेलोय, तेही कोंडाजीची कोल्ड रूम बंद पडली म्हणून वाटेत. तिचं स्नेहसंमेलन जानेवारीत, आमचा द्राक्षाचा हंगाम जानेवारीत. दर वर्षी ती सांगायची, दर वर्षी मी पुढच्या वर्षी नक्की म्हणायचो. आता पुढचं वर्ष नाही. ट्रॅक्टरवर दुसऱ्या कोणी बसवून तिला मिरवावी आणि मी गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवाव्यात — नाही जमणार.

दुपारी रवीला फोन करून तासभर पंख्यांवर चर्चा केली. तेवढ्यात शेजारचे पिंगळे आपल्या बायकोला सांगत होते, गांगुर्डेंनी या वयात काय खूळ घेतलंय. भिंतीपलीकडून, मिक्सर चालू असताना! या घरात बसून माझ्या कानांतून काही निसटत नाही.

१२ मे, मंगळवार

पहिली तालीम. अंबडला कंपनीच्या मागच्या रस्त्यावर, भर दुपारी. रवी गाडीपुढे लेझीमवाल्यासारखा चालतोय — चार पावलं पुढे, दोन मागे — आणि मी त्याच्या मागे. अकराव्या मिनिटाला एकशे तीन.

समोरच्या कारखान्याचा वॉचमन दुसऱ्या वॉचमनला म्हणाला, मोठे लोक आहेत, गाडीच्या पुढे माणूस चालवतात.

१३ मे, बुधवार

विचार केला. कोल्ड रूम का तापते? बाहेरची गरमी फटीतून आत येते म्हणून. वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेलं डांबर. बॉनेटचा पत्रा हात लावू देत नाही. ही सगळी गरमी इंजिनात जाणार नाही तर कुठे?

म्हणजे उपाय माझ्या घरचाच. आमच्याकडे चंदेरी कागद लावलेला फोम असतो, कोल्ड रूमच्या भिंतीला लावतो तो. पाऊण इंच जाडीचा घेतला. बॉनेटच्या आतून मापात कापून चिकटवला. बॉनेटवर दोन झरोके होते, शोभेचे असावेत. तेही टेपनं बंद केले. चाकाकडच्या फटी भरल्या. एक फट ठेवली नाही. कामगारांना बोलावून दाखवलं, काम असं करायचं असतं! सगळ्यांनी मान डोलावली. मालकाच्या कामाला दुसरं काय डोलावणार?

१४ मे, गुरुवार

सातव्या मिनिटाला एकशे नऊ.

डबी बिघडली असावी.

१६ मे, शनिवार

रवीच्या डबीवर विसंबून चालणार नाही. कोल्ड रूममध्ये लावतो तसले चार सेन्सर लावले — रेडिएटरच्या वर, खाली, इंजिनाला चिकटून, आणि एक बॉनेटखाली हवेत. आकडे दाखवायला डॅशबोर्डवर पेटी. पंच्याण्णवच्या वर गेलं की भोंगा.

भोंगा आमच्या कोल्ड रूमचाच. तो चौकीदाराला दोन एकर बागेत ऐकू जावा असा बनवलेला असतो, हे लक्षात राहिलं नाही. मुंबई नाक्यावर वाजला. पुढचे दोन रिक्षावाले बाजूला झाले, एका टेम्पोवाल्यानं वाट दिली, आणि मी कधी नव्हे तो सिग्नल एका दमात पार केला. पुढे हवालदारानं हात केला. ॲम्ब्युलन्स आहे का म्हणून विचारलं. मी म्हणालो, नाही, पण पेशंट आहे. सोडलं. ओळखीचा निघाला, त्याच्या मेहुण्याची कोल्ड रूम माझीच.

चारही सेन्सर एकच सांगतायत. डबी बिघडलेली नाही.

१७ मे, रविवार

आज मंगलाबाईंकडून शिकलो, आणि हे मी बाहेर कुठे सांगणार नाही.

अंगणात बॉनेट उघडून बसलो होतो. मंगलाबाई बारा वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. हातात झाडू, जरा वेळ उभ्या राहून बघत होत्या. हे चकचकीत काय आहे विचारलं. मी समजावून सांगितलं — गरमी अडवायचं पांघरूण. बाहेरची आत येत नाही.

"अन् आतली?"

मी बॉनेटखाली वाकून बघायला लागलो.

"साहेब, गाडीला ताप आलाय ना? मग ताप आलेल्याला कोणी गोधडीत गुंडाळतंय का? पांघरूण काढून ओल्या फडक्यानं पुसायचं." आणि झाडायला लागल्या.

बायको खिडकीत होती. हसली नाही. पण खिडकी लावून घेताना मला आतून आवाज आला तो हसण्याचाच होता.

तीस वर्षं मी एकच काम केलं — बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. इथं आग आतच आहे आणि तिला बाहेर घालवायची आहे. शोभेचे झरोके! त्यांतूनच तर ती जात होती. आणि मी टेप लावली, तीही चांगल्यातली!

१८ मे, सोमवार

सगळं उपटलं. नखं काळी. एकशे एक.

म्हणजे परत पहिल्या जागी, आणि हातात तेरा दिवस.

२१ मे, गुरुवार

रवीनं जुनी युक्ती सांगितली: हीटर लावा. गाडीचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची गरमी घेतो आणि आत बसलेल्यांवर सोडतो. मे महिन्यात हीटर! पण करून बघितलं. अठ्ठ्याण्णव. तीन डिग्री खाली!

यशोदाला शेजारी बसवून तालीम घेतली. दहा मिनिटं तिनं पदरानं वारा घेतला. मग चप्पल काढून पाय वर घेतले आणि सांगितलं की तिच्या आईला थंडीत शेगडीजवळ बसायला फार आवडायचं. तिच्या बोलण्यात टोमणा शोधायला जरा वेळ लागतो, पण असतो.

हीटर रद्द.

२४ मे, रविवार

जमलं! रेडिएटरच्या पुढे कोल्ड रूमचे दोन पंखे बसवले. लहान, पण वारा असा की पंधरा पेट्यांचा थर गार होतो. कूलंट नवा भरला, निम्मा कूलंट निम्मं पाणी — मापून. आतली हवा काढली. रेडिएटरचं झाकण बदललं, जुन्याची रबर चपटी झाली होती. एसी बंद. अर्धा तास रवीच्या लेझीममागे — त्र्याण्णव!

रवी म्हणाला, काका, पुढून बघितलं तर गाडीला कूलर लावलाय. म्हणू दे. त्र्याण्णव!

पंचविसाव्या मिनिटाला बॅटरी उतरत होती. म्हणून डिकीत दुसरी बॅटरी टाकली. डिकी अशी आहे की बॅटरी टाकली, झाकण लावलं, संपली डिकी.

२७ मे, बुधवार

पुण्याहून रोहिणीचा फोन. एकुलती एक मुलगी, आणि वकील. तिला सगळं सांगितलं — सेन्सर, भोंगा, पंखे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे तिच्याकडे एकच प्रश्न असणार. "बाबा, आईला काय हवंय ते विचारलंत?"

मी म्हणालो, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. म्हणाली, ते मी नाही विचारलं.

फोन ठेवून यशोदाकडे गेलो. ती शाळेच्या शेवटच्या कागदावर सही करत होती. सही केली, टोपण लावलं. मी विचारलं, तुला त्या दिवशी नक्की काय हवंय? तिनं टोपण काढून पुन्हा लावलं.

"गाडी बंद पडली तर चिडायचं नाही. कोणावर नाही, स्वतःवरही नाही. एवढं कबूल करा."

मी हसत कबूल केलं. पडणारच नाही, तर कबूल करायला काय जातंय!

३० मे, शनिवार

रंगीत तालीम. भर चार वाजता, एक तास चाळीस मिनिटं, पायी चालण्याच्या वेगानं. सर्वांत वरचा आकडा — चौऱ्याण्णव. भोंगा गप्प. कामगारांनी टाळ्या वाजवल्या आणि या वेळी खऱ्या वाजवल्या, मला आवाजातला फरक कळतो.

वडील मनमाडला रेल्वेच्या शेडमध्ये होते. इंजिनाला कान लावायचे आणि कुठे काय दुखतंय ते सांगायचे. मी तर आकड्यांसकट सांगतोय. उद्या या जिल्ह्यात मिरवणुकीत गाडी कशी चालवायची, ते लोकांनी माझ्याकडून शिकावं.

३१ मे, रविवार

हात लिहायला उचलत नाही, तरी लिहितो.

साडेचारला वेशीवर पोचलो. ब्याऐंशी. गाव जमलेलं. यशोदानं निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली. ती गाडीतून उतरली आणि बायका पुढे झाल्या, म्हाताऱ्यासुद्धा, पोरं पायावर डोकं ठेवतायत. मला कोणी ओळखलं नाही. एकानं विचारलं, बाईंचे ड्रायव्हर का? दुसरा म्हणाला, नाय, मिस्टर हायेत. मी दोन्हीला मान हलवली.

मला बाजूला नेऊन चहा पाजला. दहा मिनिटं. परत येऊन बघतो तर गाडी सजलेली. बाजूनं झेंडू, मागे केळीचे खांब. आणि पुढे —

पुढे फ्लेक्स! चार फूट बाय तीन फूट. मधोमध यशोदाचा हसरा फोटो, खाली ‘आमच्या लाडक्या बाई’. बरोबर रेडिएटरवर, माझ्या दोन पंख्यांवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून. बांधला कोणी? फुलाबाईंनी. शाळेत एकोणीस वर्षं खिचडी शिजवणाऱ्या. कशानं? द्राक्षाच्या मांडवाच्या तारेनं, पक्कड घेऊन, आठ ठिकाणी पीळ देऊन. त्या तारेवर एकरी दहा टन माल लोंबतो. माझ्यानं काय निघणार?

तरी म्हटलं, फुलाबाई, हा जरा वर, काचेवर...

फुलाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, वर नको साहेब, वर बाई स्वतः दिसतीलच. फोटो पुढं पाहिजे. मी अन् चार पोरींनी वर्गणी काढून छापलाय, दोन दिस घडी नाय पडू दिली.

आता मी काय करायचं? गावासमोर बाईंचा नवरा बाईंचा फोटो उपटून काढणार — रेडिएटरला वारा लागावा म्हणून? तिच्याच दिवशी? बसलो गुमान स्टिअरिंगवर.

बँड सुरू. लेझीमवाली पोरं खरोखरच जागची हलत नव्हती. कोंडाजी म्हणाला होता त्यापेक्षाही कमी. पाचव्या मिनिटाला नव्वद. आठव्याला सत्त्याण्णव — आणि भोंगा वाजला! पोरांना वाटलं बँडचाच भाग. ठेका त्यावर धरला. मी वायर ओढून काढली तेव्हा दोघं नाराज झाले.

यशोदा हात जोडून दोन्ही बाजूंना नमस्कार करत होती. चेहऱ्यावरचं हसू न हलवता, पेटीकडे तिरक्या नजरेनं बघत, हजेरी घेतल्यासारखी आकडे वाचायला लागली. "नव्याण्णव." नमस्कार. "एकशे दोन." एका पोराच्या गालाला हात. "एकशे पाच."

"दिसतंय मला."

"घाम पुसा. फोटो काढतायत."

हीटर लावावा म्हटलं तर खाली पूजेची थाळी आणि तिचे पाय. वेग वाढवावा तर पुढे चाळीस पोरं. मारुतीच्या पारापाशी आलो. निम्मी वाटसुद्धा झाली नव्हती. एकशे आठ. फ्लेक्सच्या खालून बारीक वाफ. बाईंच्या हनुवटीखालून धूर निघतोय असं दिसत असणार.

तिथं मी ठरवलं. अजून एक मिनिट चालवली तर इंजिन जाईल, ते परवडलं. पण झाकण उडून वाफ बाहेर आली तर सगळं गाव बॉनेटभोवती गोळा होईल आणि तिचा दिवस तिथंच संपेल. बटण दाबलं. इंजिन बंद.

एकदम शांत. बँडही थांबला, श्वास घ्यायला म्हणा की काय. सगळे माझ्याकडे बघतायत. गावासमोर कान धरीन म्हणालो होतो — हात खरंच कानाकडे निघाला होता.

तेवढ्यात बायकांतून पंधरा-वीस जणी पुढे आल्या. तिच्या जुन्या विद्यार्थिनी. कोणाच्या कडेवर मूल, एक पोलिसात आहे, एक पिंपळगावला पॅकहाऊस चालवते. कुठून तरी एक जाड पांढरा दोर आला, गाडीच्या पुढच्या हुकात अडकला, आणि त्या ओढायला लागल्या. गाडी हलली. मागून पुरुषांनी हात लावला. बँडनं जे वाजवायला घेतलं ते आधीपेक्षा दुप्पट.

इंजिन बंद असलं की स्टिअरिंग दगड होतं आणि ब्रेकवर उभं राहावं लागतं. दीड तास मी बैलगाडी हाकल्यासारखी ती गाडी हाकली. खांदे गेले. पण पंख्यांचा गोंगाट नाही, भोंगा नाही. एकेक पोरगी दोर ओढता ओढता मागे वळून ओरडून सांगत होती ते नीट ऐकू येत होतं — बाई, मला पाढे येत नव्हते. बाई, तुम्ही घरी येऊन बापाला समजावलं म्हणून मी दहावी केली. बाई, मी आता गाडी शिकले. यशोदा रडत होती, हसत होती, आणि एकाही माणसानं बॉनेटकडे बघितलं नाही.

शाळेत भाषणं. कोंडाजीनं माईकवर सांगितलं, साहेबांनी एवढी भारी गाडी बाईंच्या मानासाठी बंद ठेवली, लेकींनी हातानं ओढावी म्हणून. टाळ्या. मी उभा राहिलो आणि हात जोडले. काय करणार? खरं सांगायची ती वेळ नव्हती.

येताना फ्लेक्स शाळेतच राहिला, हायवेवर शहाऐंशी. यशोदा दमून डोळे मिटून बसली होती. तिलाही वाटतंय की मी ठरवूनच केलं. तिनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. माझं मलाच कौतुक वाटलं. तापमान हातचं गेलं, पण त्या घटकेला बंद करायचं सुचलं ते मलाच. प्रसंगावधान लागतं! ते माणसाला शिकवून येत नाही.

२ जून, मंगळवार

सकाळी कोंडाजीचा फोन. दोर आमच्या सीटमागे राहिलाय, तो परत पाहिजे. मी म्हणालो, पाठवतो. ऐन वेळी कुठून मिळाला तुम्हाला?

तो म्हणाला, ऐन वेळी कसला, अकरा तारखेला पिंपळगावहून नवा आणला. दहाला दुपारीच बाईंचा फोन आला होता. गाडी तापणार, साहेब ती बंद करतील, तोवर दोर दाखवू नका. आणि ओढायला कोण कोण पाहिजे, ती नावंही त्यांनीच सांगितली.

"तुमचा आवाजबी येत हुता ना मागनं. पंख्याचं कायतरी सांगत हुता कोणाला तरी."

दहा तारखेला दुपारी आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसलो होतो.